ग्रीनलँड कुणाचे, हे कुणी ठरवायचे?

ग्रीनलँडमध्ये जमीन विकत मिळत नाही. परक्याला तर नाहीच, पण तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यालाही नाही. घर बांधायचे असेल तर नगरपालिकेकडे अर्ज करायचा, जागा वापरण्याची परवानगी घ्यायची आणि मग घर उभे करायचे. घर तुमच्या मालकीचे, त्याखालची जमीन मात्र सगळ्यांची. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय माणसाचा जीव थाऱ्यावर येत नाही. तिथे सातबाराच नाही. डेन्मार्कच्या राज्यात असलेल्या पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या अशा भूमीच्या सौद्याची भाषा २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केली. ही चर्चाच अर्थहीन आहे, असे डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी सांगितल्यावर ट्रम्प यांनी आपला ठरलेला डेन्मार्क दौरा रद्द केला. पुन्हा सत्तेवर आल्यानंतर मार्च २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोरच्या भाषणात त्यांनी जाहीर केले, की या ना त्या मार्गाने आम्ही ग्रीनलँड मिळवणारच.

तेव्हापासून जगभर एकच प्रश्न चर्चेत आहे. ग्रीनलँड अमेरिकेकडे जाणार, की डेन्मार्ककडेच राहणार? आपल्याकडच्या गप्पांतही तो याच रूपात येतो. माझा आक्षेप या मांडणीलाच आहे. दोन दावेदार समोर उभे करून त्यातला खरा कोण हे शोधत बसलो, की तिथे राहणारी सुमारे ५७ हजार माणसे त्या भूमीवरच्या सामानात जमा होतात. अमेरिकेला ग्रीनलँडची गरज असेल, युरोपला असेल. तिथला बर्फ वितळू नये ही गरज तर मुंबईचीही आहे. पण गरजेतून हक्क तयार होत नाही. हक्क तिथल्या लोकांचा आहे, आणि डेन्मार्कच्या स्वतःच्या कायद्यातही तो लिहिला गेला आहे.

भूगोलाचा मुद्दा सगळ्यांत जास्त पुढे केला जातो, म्हणून तो आधी घेऊ. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. तो गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवल्याचा परिणाम आहे. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. तरीही २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर म्हणजे सात महाराष्ट्र मावतील एवढे हे बेट, जगातले सर्वांत मोठे. त्याचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे. मध्यभागी या बर्फाची जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते, आणि त्याच्या भाराने खालची जमीन समुद्रसपाटीच्याही खाली दबली आहे. माणसे राहतात ती किनाऱ्यालगतच्या मोकळ्या पट्टीत, त्यातही बहुतेक पश्चिमेला. राजधानी न्यूकमध्ये २० हजारांच्या आसपास वस्ती आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. बोट, विमान, हेलिकॉप्टर आणि उत्तरेकडे हिवाळ्यात कुत्र्यांची घसरगाडी, एवढीच साधने.

हे बेट उत्तर अमेरिका खंडाचा भाग आहे, यात वाद नाही. कॅनडाच्या एल्समेअर बेटापासून त्याला वेगळे करणारी नारेस सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी तीसेक किलोमीटरच भरते. आजच्या ग्रीनलँडवासीयांचे पूर्वज, म्हणजे आर्क्टिकमधले मूळचे इनुइट लोक, याच बाजूने, कॅनडाकडून आले. त्यांची कलाल्लिसुत ही भाषा कॅनडातल्या इनुइट भाषांची सख्खी बहीण आहे. डॅनिशशी तिचे कसलेच नाते नाही. न्यूकहून कोपेनहेगनपेक्षा न्यूयॉर्क जवळ पडते. नारेस सामुद्रधुनीतल्या टार्टुपालुक या जेमतेम १.३ चौरस किलोमीटरच्या खडकावर कॅनडा आणि डेन्मार्क यांनी कित्येक वर्षे हक्क सांगितला. २०२२ मध्ये दोघांनी तो वाटून घेतला आणि इनुइट शिकाऱ्यांची तिथली ये-जा अबाधित ठेवली.

म्हणजे 'ग्रीनलँड भूगोलाने अमेरिकेच्या बाजूचे आहे' हे विधान खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. जवळ असणे हा मालकीचा पुरावा मानला, तर आपल्याला फार लांब जायला नको. निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट २०० किलोमीटरच्याही आत आहे, आणि चेन्नई हजार किलोमीटरच्या पलीकडे. निकोबार इंडोनेशियाला द्या, असे कुणी म्हटले तर आपण ऐकून घेऊ का? याच निकोबारवर एकेकाळी डेन्मार्कचा दावा होता, आणि १८६८ मध्ये तो हक्क डेन्मार्कने ब्रिटिशांना विकला. त्याआधी १८४५ मध्ये तमिळनाडूतले तरंगमपाडी आणि बंगालमधले सेरामपूर विकले होते. १९१७ मध्ये कॅरिबियनमधली आपली बेटे डेन्मार्कने अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. त्या विक्रीसाठी सार्वमत झाले, पण ते डेन्मार्कमध्ये. बेटांवरच्या लोकांना त्यात मत नव्हते. भूमी विकायची आणि तिच्यावरची माणसे तिच्यासोबत हस्तांतरित झाली असे धरून चालायचे, ही त्या काळातल्या सगळ्याच सत्तांची रीत होती. मुंबईची बेटे पोर्तुगालने १६६१ मध्ये राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, आणि त्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. इथल्या कोळ्याला कुणी विचारले नव्हते.

ग्रीनलँडच्या मालकीची कागदपत्रेही याच जातीची आहेत. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा धर्मप्रसारक डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या पाठिंब्याने तिथे उतरला. मध्ययुगात तिथे वस्ती केलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचे वंशज सापडतील, ही त्याची आशा होती. भेटले ते इनुइट. तिथून वसाहत सुरू झाली. १८१४ च्या कील तहात नॉर्वे स्वीडनच्या राजाकडे गेले आणि ग्रीनलँड डेन्मार्ककडे उरले. १९१६ मध्ये कॅरिबियन बेटांचा व्यवहार करताना अमेरिकेने लेखी कबूल केले, की डेन्मार्कने आपले हितसंबंध संपूर्ण ग्रीनलँडभर पसरवले तर आमची हरकत नाही. आज मालकी सांगणाऱ्यांच्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याची, रॉबर्ट लान्सिंग यांची, त्या कागदावर सही आहे. पुढे पूर्व ग्रीनलँडवर नॉर्वेने दावा केला, आणि १९३३ मध्ये हेगच्या तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डेन्मार्कच्या बाजूने निकाल दिला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. त्यात दोन युरोपीय राज्यांचे दावे तोलले गेले. इनुइटांचा दावा तिसऱ्या पारड्यात ठेवावा, हा विचार त्या काळच्या कायद्याला शिवलेलाच नव्हता.

म्हणून मी या कागदपत्रांच्या आधाराने डेन्मार्कची बाजू घेणार नाही. अमेरिकेची मागणी चुकीची आहे, एवढ्यावरून डेन्मार्कचा दावा निर्मळ ठरत नाही. आणि इथे गोव्याची आठवण येणे मराठी वाचकाला अपरिहार्य आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती बाळगणे जगात अप्रतिष्ठेचे झाले. संयुक्त राष्ट्रांनी स्वशासन नसलेल्या प्रदेशांची यादी केली आणि सत्ताधारी देशांनी त्यांच्याविषयी नियमित माहिती द्यावी, असा दंडक घातला. यातून सुटायला पोर्तुगालच्या सालाझार सरकारने एक वाट शोधली. १९५१ मध्ये राज्यघटना बदलून गोव्यासह सगळ्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिले. गोवा वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक जिल्हा आहे, तेव्हा माहिती कसली द्यायची, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारताने तो कधीच मानला नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून गोव्याचे नाव त्या यादीतच असल्याचे बजावले.

डेन्मार्कने १९५३ मध्ये जवळपास हेच केले. नव्या राज्यघटनेने ग्रीनलँड ही वसाहत न राहता डेन्मार्कचा एक जिल्हा झाली, आणि कोपेनहेगनच्या संसदेत तिला दोन जागा मिळाल्या. डेन्मार्कमध्ये या घटनेवर सार्वमत झाले. ग्रीनलँडमध्ये झाले नाही. तिथल्या प्रांतिक मंडळाची संमती घेतली गेली, पण स्वायत्तता किंवा स्वातंत्र्य हे पर्याय लोकांपुढे ठेवले गेले नाहीत. आणि १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हे मान्य करून ग्रीनलँडचे नाव यादीतून काढले. पोर्तुगालची युक्ती फसली, डेन्मार्कची मान्य झाली. डेन्मार्क लोकशाही देश होता आणि सालाझारची हुकूमशाही होती, हा फरक खरा आणि मोठा आहे. पण माणसाला न विचारता त्याचे नागरिकत्व आणि त्याच्या भूमीचा दर्जा ठरवणे, हा दोष दोन्हीकडे एकच आहे.

त्याच १९५३ च्या वसंतात, ही घटना लागू होण्याच्या थोडे दिवस आधी, वायव्य ग्रीनलँडमध्ये अमेरिकेच्या थुले हवाई तळासाठी जागा हवी म्हणून शंभराहून अधिक इनुघुइट (त्या उत्तर भागातल्या इनुइट) लोकांना त्यांच्या शिकारीच्या मुलखातून उठवून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, कानाक येथे पाठवण्यात आले. तयारीला दिवस मिळाले ते मोजके. १९९९ मध्ये डॅनिश न्यायालयाने त्यांना भरपाई दिली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, मात्र परत जाण्याचा हक्क नाकारला. १९६८ च्या जानेवारीत याच तळाजवळ चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन जाणारे अमेरिकी बी-५२ विमान समुद्रावरच्या बर्फावर कोसळले आणि किरणोत्सारी द्रव्य पसरले. डेन्मार्कचे जाहीर धोरण आपल्या भूमीवर अण्वस्त्रे नकोत असे होते. १९५७ मध्ये डॅनिश पंतप्रधानांनी अमेरिकेला मूकसंमती दिल्याचे बाहेर यायला १९९५ उजाडावे लागले.

याहून अंतःकरण जाळणारी गोष्ट पुढची आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॅनिश आरोग्ययंत्रणेने ग्रीनलँडमधल्या सुमारे साडेचार हजार स्त्रियांना आणि मुलींना गर्भनिरोधक तांबी बसवली. अनेकींना विचारलेही नाही. काही तर शाळकरी मुली होत्या. त्याआधी १९५१ मध्ये २२ इनुइट मुलांना 'नमुनेदार डॅनिश' करण्यासाठी आईबापांपासून तोडून डेन्मार्कला नेले होते. परत आणल्यावरही त्यांतल्या बहुतेकांना घरी न पाठवता अनाथाश्रमात ठेवले. त्या मुलांची माफी डेन्मार्कने २०२० मध्ये मागितली, आणि या स्त्रियांची २०२५ मध्ये. माफी मागितली हे चांगले झाले. पण ज्यांची आई व्हायची वर्षे निघून गेली, त्या आज म्हाताऱ्या आहेत. ग्रीनलँडमध्ये स्वातंत्र्याची इच्छा कुठून येते, हे समजायला खनिजांचे नकाशे बघायची गरज नाही.

एवढे सोसूनही ग्रीनलँडने काढलेला मार्ग मतपेटीचा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७२ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, जायचे की नाही यावर डेन्मार्कभर मतदान झाले. ग्रीनलँडमधल्या ७० टक्के मतदारांनी नको म्हटले, तरी देशाबरोबर ओढले गेले. आपल्या समुद्रातली मासळी परक्यांच्या ट्रॉलरना द्यावी लागणार, ही त्यांची भीती होती. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९७९ मध्ये गृहशासन, म्हणजे अंतर्गत कारभाराची मर्यादित स्वायत्तता, आले. १९८२ मध्ये त्यांनी पुन्हा मतदान केले, या वेळी स्वतःचे, आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलँड युरोपीय समुदायातून बाहेर पडले. ब्रिटनच्या कितीतरी आधी. नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यापक स्वशासनाला कौल दिला आणि २१ जून २००९ पासून स्वशासन कायदा लागू झाला.

हा कायदा भारतीय वाचकाने जरूर समजून घ्यावा, कारण सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. त्याची प्रस्तावनाच सांगते, की ग्रीनलँडचे लोक हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले लोक आहेत. कलाल्लिसुत ही राजभाषा. भूगर्भातली संपत्ती स्वशासनाच्या अखत्यारीत. परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन, नागरिकत्व आणि सर्वोच्च न्यायालय हे विषय डेन्मार्ककडे. आणि कलम २१ म्हणते, की स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलँडचे लोक घेतील. त्यांनी तो घेतला, की दोन्ही सरकारे वाटाघाटी करतील. करार झाला तर इनात्सिसार्तुत या ३१ सदस्यांच्या ग्रीनलँडच्या संसदेची मान्यता, तिथल्या लोकांचे सार्वमत आणि डॅनिश संसदेची संमती, एवढ्या पायऱ्या. एप्रिल २०२३ मध्ये स्वतंत्र ग्रीनलँडच्या राज्यघटनेचा मसुदाही संसदेपुढे ठेवला गेला आहे.

ज्या भूमीबद्दल एवढा स्पष्ट कायदा आहे, ती विकायला डेन्मार्क कोण आणि विकत घ्यायला अमेरिका कोण?

सुरक्षेचा युक्तिवाद गंभीर आहे, त्याला बगल देता येणार नाही. रशियाकडून अमेरिकेवर येणाऱ्या क्षेपणास्त्राचा जवळचा मार्ग ध्रुवावरून जातो, आणि ते आधी दिसायचे तर रडार ग्रीनलँडमध्ये हवे. रशियाच्या पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचे तर ग्रीनलँड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातून यावे लागते. हे सगळे खरे आहे. पण यातले अमेरिकेला आज नाही असे काय आहे? १९५१ च्या संरक्षण कराराने तिला ग्रीनलँडमध्ये तळ चालवण्याची फार मोठी मुभा दिलेली आहे. शीतयुद्धाच्या काळात तिथे हजारो अमेरिकी सैनिक होते. ते अमेरिकेनेच कमी करत आणले. आज थुलेचा तळ पिटुफिक या नावाने उरला आहे, आणि तिथे त्यांचे दोनशेच्या आसपास सैनिक आहेत. रडार वाढवायचे असेल, सैनिक वाढवायचे असतील, तर करार आहे आणि चर्चेला तयार असलेले दोन मित्रही आहेत. मालकी मागण्याचे कारण सुरक्षा असूच शकत नाही. मित्रदेशाचा भूभाग गिळायची धमकी नाटोच्याच सर्वांत बलाढ्य सदस्याने दिली, तर त्या संघटनेवर विसंबलेल्या प्रत्येक छोट्या देशाची सुरक्षा कमी होते.

पैशाचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. डेन्मार्क दरवर्षी ग्रीनलँडला सुमारे चार अब्ज क्रोनर (डेन्मार्कचे चलन), म्हणजे पाच हजार कोटी रुपयांहून जास्त अनुदान देते. स्वशासनाचा निम्म्याच्या आसपास खर्च त्यातून भागतो. निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मासळीचा, त्यातही कोळंबी आणि हॅलिबट. कोळंबीचा भाव पडला की सरकारचे अंदाजपत्रक हलते. उच्च शिक्षणासाठी मुले डेन्मार्कला जातात आणि त्यांतली बरीच परत येत नाहीत. सुमारे १७ हजार ग्रीनलँडवासी डेन्मार्कमध्येच स्थायिक आहेत. खनिजांची चर्चा खूप होते, पण चालू खाणी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. खाण काढायची तर बंदर, वीज, रस्ता आणि कामगार सगळेच शून्यातून आणावे लागते. स्वशासन कायद्यानुसार खनिजांचे वार्षिक उत्पन्न साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेले, की वरच्या रकमेच्या निम्म्याएवढे अनुदान कमी होते. म्हणजे खाण मोठी लागली, की त्या मर्यादेवरच्या उत्पन्नातला निम्मा फायदा डेन्मार्कच्या तिजोरीला.

तरीही २०२१ मध्ये या लोकांनी काय केले पाहा. दक्षिणेतल्या नार्साक गावाजवळच्या कुआन्नेरसुइत डोंगरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे, आणि त्याच खडकात युरेनियमही आहे. ऑस्ट्रेलियन कंपनी खाण सुरू करायच्या बेतात होती. त्या मुद्द्यावर निवडणूक लढली गेली, खाणीला विरोध करणारा इनुइट आताकातिगीत हा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी युरेनियमच्या खाणकामावर कायद्याने बंदी आली. खनिज तेलाच्या शोधाचे नवे परवानेही त्यांनी बंद केले. अनुदानावर जगणाऱ्या, स्वातंत्र्यासाठी पैसा हवा असलेल्या समाजाने समोर आलेला पैसा नाकारला, कारण खाली मेंढ्यांची कुरणे आणि मासेमारीचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे, होते. 'यांना पैसे दिले की येतील' असे म्हणणाऱ्यांनी नार्साकचा हा निर्णय आधी वाचावा. ज्या कोकणाने रत्नागिरीत जैतापूर आणि नाणारचे वाद पाहिले आहेत, त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

लोकसंख्येचा आक्षेप मला कमकुवत वाटतो. नाउरू आणि तुवालू हे दहा-बारा हजार वस्तीचे देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. शेजारचेच आइसलँड घ्या. तेही डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. १९१८ मध्ये ते स्वतंत्र राज्य झाले, राजा मात्र तोच राहिला. १९४४ मध्ये सार्वमत घेऊन ते प्रजासत्ताक झाले, तेव्हा त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. आइसलँडला स्वतःचे सैन्य नाही, तरी ते १९४९ पासून नाटोचे संस्थापक सदस्य आहे. ग्रीनलँडला हाच रस्ता हवा असेल असे नाही. न्यूझीलंडबरोबर कुक बेटांचे किंवा अमेरिकेबरोबर पलाऊचे आहे तसे मुक्त सहयोगाचे नाते हाही पर्याय आहे. अशा व्यवस्थेत देश स्वतःचा असतो आणि संरक्षणासारखी जबाबदारी कराराने मोठ्या मित्राकडे दिलेली असते. तो मित्र डेन्मार्क असावा, कॅनडा असावा की अमेरिका, हेही त्यांनीच ठरवायचे.

लोकांचे म्हणणे काय, याचा अंदाज बांधायची वेळ तर राहिलेलीच नाही. जानेवारी २०२५ च्या जनमत चाचणीत ८५ टक्के लोकांनी अमेरिकेत सामील व्हायला नकार दिला. होकार देणारे ६ टक्के होते. त्याच चाचणीत ५६ टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूने होते, पण राहणीमान घसरणार असेल तर नको, असे म्हणणारेही ४५ टक्के होते. मार्च २०२५ च्या निवडणुकीत लवकर स्वातंत्र्य मागणारा नालेराक पक्ष दुसरा आला आणि सावकाश, पाया भक्कम करून जाऊ म्हणणारा डेमोक्राट पक्ष पहिला. येन्स-फ्रेडरिक निल्सन पंतप्रधान झाले. अमेरिका नको, डेन्मार्कचा जिल्हा होऊन राहणेही नको, आणि वेग आम्ही ठरवू, असे हे उत्तर आहे. यात गोंधळ मला कुठे दिसत नाही.

अशा उत्तराचा मान राखणे सोपे नसते, हे महाराष्ट्राला अनुभवाने माहीत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, की केंद्रशासित ठेवायचा? इकडे जवळजवळ सगळ्यांना विलीनीकरणाची खात्री होती. भूगोल जवळचा, सीमा लागून, देवदैवते एक, नात्यागोत्याचे धागे दोन्हीकडे. गोव्याचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी होते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांनी आधी पद सोडले. १,३८,१७० मते विलीनीकरणाला पडली, १,७२,१९१ विरोधात. इकडे अनेकांना ते लागले, पण कौल मानला गेला. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले. संस्कृती आणि शेजार यांचा एवढा घट्ट आधार असतानाही आपला दावा ३४ हजार मतांपुढे मागे घ्यावा लागला, आणि ते योग्यच झाले. मग ज्यांचा ग्रीनलँडशी भाषेचाही संबंध नाही, त्यांनी कोणत्या तोंडाने ८५ टक्क्यांना डावलायचे?

'ग्रीनलँड साऱ्या जगाचे आहे, ते आंतरराष्ट्रीय करा' असे एक मत पर्यावरणाच्या काळजीतून मांडले जाते. त्या काळजीत मी सहभागी आहे. तिथला बर्फ गेल्या दोन दशकांत दरवर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टनांनी घटला आहे. सगळा वितळला तर जगभरचा समुद्र सात मीटरहून अधिक चढेल. त्याला शतके लागतील, पण त्याचा काही भाग आपली नातवंडे पाहतील. वसईपासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्याचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले आहे. म्हणून काय करायचे? बर्फ वितळतो तो आपण सगळे जाळत असलेल्या कोळशा-तेलाने. न्यूकमध्ये झेंडा बदलल्याने तो थांबणार नाही. काहीजण शेजारच्या स्वालबार्डचा दाखला देतात. तिथे १९२० च्या तहाने नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करून इतर देशांनाही हक्क दिले गेले, आणि त्याच तहामुळे भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथे उभे आहे. पण स्वालबार्डवर मूळ रहिवासी नव्हते. ज्या घरात माणसे राहतात, त्याचा सार्वजनिक वाडा करता येत नाही.

भारताने या प्रश्नावर स्पष्ट बोलावे, असे मला वाटते. २०१३ पासून आपण आर्क्टिक परिषदेचे, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या मंचाचे, निरीक्षक आहोत. आपल्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. स्वयंनिर्णयाचा शब्द उच्चारला तर तो आपल्यावरच उलटेल, अशी भीती दिल्लीत असते. ती समजण्यासारखी आहे, पण इथे लागू नाही. १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना भारताने नोंदवून ठेवले, की हा हक्क परकीय अमलाखालच्या लोकांपुरताच आहे. सार्वभौम देशाच्या एखाद्या भागाला तो नाही. ग्रीनलँड या अरुंद कसोटीलाही पुरेपूर उतरते. समुद्र ओलांडून आलेल्या सत्तेने ते वसाहत केले, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ते होते, आणि सत्ताधारी देशानेच आता हा हक्क कायद्यात लिहिला आहे. गोव्यासाठी १९६० मध्ये आपण जे तत्त्व मांडले, तेच इथे मांडायचे आहे.

आणि डेन्मार्कने आपल्या वाट्याचे काम आताच करावे. कलम २१ मधली डॅनिश संसदेची संमती ही अट आज टांगती आहे. ग्रीनलँडच्या सार्वमताचा कौल अडवला जाणार नाही, असा ठराव त्या संसदेने आगाऊ करावा. स्वातंत्र्याच्या दिवशी अनुदान एकदम बंद होईल ही भीती तिथल्या मतदाराच्या मानेवर ठेवून मागितलेला कौल मोकळा नसतो, म्हणून ते किती वर्षांत, कोणत्या टप्प्यांनी कमी होईल याचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. अमेरिकेशी तळांबद्दल, रडारबद्दल, खनिजांबद्दल जी काही बोलणी होतील, तिथे ग्रीनलँडचा प्रतिनिधी निरीक्षक म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून बसावा. २००४ मध्ये दक्षिण ग्रीनलँडमधल्या इगालिकू या छोट्या वस्तीत १९५१ च्या संरक्षण कराराला दुरुस्ती झाली, तेव्हा अमेरिकेचे कॉलिन पॉवेल आणि डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री यांच्या शेजारी ग्रीनलँडच्या वतीने योसेफ मोट्झफेल्ट यांनी सही केली होती. यापुढच्या प्रत्येक कागदावर ती तिसरी सही असलीच पाहिजे, आणि नसेल तर भारतासह इतर देशांनी तो करार मानू नये.